डबा वाजवायची रीत

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला आधी स्वयंपाकघर दाखवलं नाही. नदीवर नेलं. हातात तेलाचा एक रिकामा डबा दिला, बाभळीचं दांडकं दिलं आणि म्हणाल्या, "माणूस पाण्यात हाय तवर हात थांबवायचा न्हाई. दुखला तर दुसऱ्या हातानं वाजवायचं." मी कडेगावकडची. आमच्याकडं विहिरी. पाण्यात उतरायला डबा कशाला लागतो ते मला कळेना, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आहे. नदीत सुसरी आहेत. पेपरात मगर छापून येतं, आम्ही सुसरच म्हणतो. आत्याबाई तेही म्हणायच्या नाहीत. त्या 'म्हातारी' म्हणायच्या, आणि तेही सकाळच्या पारी नाही. आमच्या घाटासमोर नदीत वाळूचं एक बेट आहे, त्यावर एक मोठी मादी ऊन खात पडायची. ती कधीपासून आहे कुणालाच माहीत नाही. आत्याबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हाही होती म्हणे. खरं-खोटं देव जाणे.

तर ही रीत. धुणं धुवायचं असो, म्हशी पाण्यात घालायच्या असोत, काठावर एकानं डबा वाजवायचा. आवाज झाला की सुसर पाण्याखाली जाते, लांब सरकते. दोन्ही काठांच्या गावांत हेच चालत आलं आहे. मी स्वतः बघितलंय. डबा वाजला की बेटावरची म्हातारी पाण्यात घसरायची आणि पार खाली वळणाकडं निघून जायची. मोकळं झालं, असं म्हणून आमची माणसं पाण्यात उतरायची.

आमच्या घरात पाण्यात उतरायचं काम ह्यांचं, माझ्या नवऱ्याचं. उसाला, हळदीला पाणी नदीतून मोटरीनं येतं. मोटरीच्या पाइपाचं टोक पाण्यात असतं, त्याला एक जाळीची झडप असते. तिचं खरं नाव फुटव्हॉल्व, पण आमच्या अख्ख्या पट्ट्यात तिला फुटबॉल म्हणतात. नदीला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आलं, प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहत आल्या, की फुटबॉल चोंदतो आणि मोटर पाणी धरत नाही. मग छातीएवढ्या पाण्यात उतरायचं, बुडी मारायची, हातानं चाचपून घाण काढायची. हे खाली आणि मी वर डबा वाजवत उभी. आमच्या संसारात भांडणं काही कमी झाली नाहीत. अबोला असायचा, मी माहेरी जायची धमकी दिलेली असायची, तरी मोटर बंद पडली की मी डबा घेऊन निघायची. एकदा तर रागानं इतका जोरात बडवला की डब्याला भोक पडलं. हे पाण्यातून डोकं वर काढून म्हणाले, "सुसरीला घालवतीस का मला?"

मला त्या नदीचं भ्यावच वाटायचं. आजही वाटतं, आणि ते सांगायला मला लाज नाही. मोटर चालू असली की मी निवांत. तिचा आवाज बदलला की हातातलं काम टाकून मी दारात यायची. स्वयंपाक करतानाही माझा एक कान मोटरघराकडंच असायचा.

मग नाव आली.

त्याआधीचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष नावेला लागेल. पूर्वी उन्हाळ्यात सुसरीनं बेटावर अंडी घातली की गावातले काहीजण जाऊन ती उकरून फोडायचे. आम्ही जैन. पाणी गाळून पिणारी, चातुर्मासात मुंगी मरू नये म्हणून वाट बघून चालणारी माणसं. ते बघून आमच्या ह्यांचा जीव कळवळायचा. पण बोलणार कुणाला? ज्याची शेळी गेली, ज्याच्या म्हशीचा पाय गेला, तो ऐकतोय होय. वनखात्यानं काठावर पाटी लावली, की या पट्ट्यात मगरींना संरक्षण आहे, इजा करू नये. त्या पाटीवर लोक चड्ड्या वाळत घालायचे.

माझा धाकटा दीर कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये होता. रोज दुचाकीवरून जाऊन येऊन त्याच्या पाठीचा पार खुळखुळा झाला होता. त्यानं डोकं चालवलं. लोक नाहीतरी पुलावर गाड्या थांबवून सुसर बघतात, मग आपण नावेतून दाखवू. गावातल्याच आणखी दोघांना त्यानं भागीदार केलं. बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, सभामंडपात बैठक झाली. वनखात्याचे साहेब आले. मला वाटलं होतं, आमचे हे विरोध करतील. पण हेच उठून म्हणाले, "दाखवा की. ज्याला ती बघून पोट भरता येतंय, त्यो तिची अंडी फोडणार न्हाई." साहेबांनी मान डोलावली आणि अटी घातल्या. बेटापासून लांब राहायचं. अंड्यांच्या दिवसांत नाव बंद. खायला काही टाकायचं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. दीर तर असा हो म्हणाला, की जणू अटी त्यानंच सुचवल्या.

आणि पहिलं वर्षभर खरंच छान चाललं, मी नाही म्हणत नाही. रविवारी कुपवाडच्या कारखान्यांतली पोरं यायची, पुण्याच्या गाड्या यायच्या. दुष्काळी आटपाडीकडची माणसं तर सुसरीपेक्षा पाण्याकडंच बघत बसायची. माझ्या जावेनं घाटावर भडंगाची गाडी टाकली. त्या उन्हाळ्यात बेटावरची अंडी कुणी फोडली नाहीत. पावसाच्या तोंडाला पिल्लं निघाली, वीतभर लांबीची, आणि म्हातारी त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेताना ह्यांनी लांबून बघितली. घरी येऊन मला सांगताना ह्यांचे डोळे भरून आले होते. लग्नात माझ्या बापाचे आले नव्हते एवढे.

पण सुसर काही नोकरीला लागलेली नव्हती. कधी दिसायची, कधी नाही. लांबून आलेली माणसं तिकीट काढून रिकामं पाणी बघून परत जायची, आणि जाताना दिराला वाट्टेल ते बोलायची. मग भागीदारांतल्या एकानं, त्याचं सांगलीत चिकनचं दुकान, पिशवी आणायला सुरुवात केली. आतडी, मुंड्या, पाय. नाव मधोमध गेली की पिशवी पाण्यात रिकामी करायची. म्हातारी वर यायची, जबडा उघडायची. लोक खूश.

मला कळलं तेव्हा मी दिराला घरात घेऊन धू-धू धुतला. "आपल्या घरात कांद्याचा विचार करून खातात, आणि तू नदीत मुंड्या टाकतोस?"

"वैनी, मी हात लावत न्हाई," तो म्हणाला. "त्यो टाकतो."

"तू हात लावत नाहीस. आणि नदी लावते होय?"

"आवं वैनी, ती काय शाकाहारी हाय का? तिला आयतं मिळतंय तर तुमचं काय जातंय? पोट भरलं की माणसावर, म्हशीवर येणार न्हाई. उलट चांगलंच हाय."

हे पटण्यासारखं होतं, हीच तर गोम. ह्यांनाही ते पटलं. साहेबांची बदली झाली होती, नवे साहेब एकदा येऊन नावेत बसून फोटो काढून गेले. मी मात्र जावेच्या गाडीवरचं भडंग खायचं सोडलं. एवढंच माझ्या हातात होतं.

म्हातारी बदलली, हे मला सगळ्यांच्या आधी दिसलं, कारण मी तिच्याकडं भीतीनं बघायची, बाकीचे गमतीनं. पूर्वी ती माणसाची चाहूल लागली की जायची. आता बेटावर पडल्या पडल्या मान वळवून घाटाकडं बघत राहायची. दीर अभिमानानं सांगायचा, "इंजिनाचा आवाज वळखती ती आता. इंजिन लावलं की निघालीच बघा." सगळे तेच म्हणायचे. म्हणून नावेच्या वेळात कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि नाव बंद असली की भीती नाही, असा गावात नवाच नियम झाला. मीही तो पाळला. डोळ्यांत तेल घालून पाळला.

ती मंगळवारची दुपार होती. मंगळवारी नाव बंद. घाटावर कुणी नव्हतं, इंजिन काठावर ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. लाईट आली, मोटर लावली, आणि ती पाणी धरेना. हे म्हणाले, "फुटबॉल चोंदला. चल." मी डबा घेतला.

उतरायच्या आधी मी नेहमीसारखं वाजवलं. म्हातारी बेटावर होती. ती पाण्यात घसरली. झालं, गेली वळणाकडं, असं मला वाटलं. हे धोतर खोचून उतरले. छातीपर्यंत गेले. श्वास घेतला आणि बुडी मारली. केंदाळाचा एक पेंढा वर आला, मग दुसरा. हे वर यायचे, दम घ्यायचे, परत खाली जायचे. मी वाजवत होते.

मग मला पाण्यावर दोन डोळे दिसले. वळणाकडं नाही. बेट आणि आमच्यामध्ये.

तुम्ही काय केलं असतं? मी जे केलं तेच केलं असतं. मी जिवाच्या आकांतानं डबा बडवला. आत्याबाईंनी शिकवलं होतं तसा. डोळे जवळ आले. मी आणखी जोरात बडवला. आणखी जवळ आले. सरळ, लाट न उठवता, कुणी बोलावल्यासारखे. माझा उजवा हात भरून आला. दांडकं डाव्या हातात घ्यायला मी क्षणभर थांबले, तसे ते डोळेही थांबले. परत वाजवलं, परत निघाले.

तेव्हा मला कळलं.

इंजिन नव्हे. नाव सुटायच्या आधी माणसं फळीवरून नावेत चढायची. पाण्याला लागूनच फळी. मग आमच्या रीतीप्रमाणे काठावर कुणीतरी डबा वाजवायचं, म्हणजे सुसर लांब जाईल आणि पाहुणे सुखरूप चढतील. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आमच्याकडं पाण्याजवळ माणूस गेला की कुणाचा तरी हात डब्याकडं जातोच. रोज, प्रत्येक फेरीला, आधी डबा आणि मग मुंड्या. ज्या आवाजानं पिढ्यान् पिढ्या तिला हाकललं, त्याच आवाजानं आम्ही तिला जेवायला बोलवायला लागलो होतो.

मी दांडकं खाली केलं. ते खाली करायला मला जेवढं बळ लागलं तेवढं आयुष्यात कशाला लागलं नसेल. हे पाण्यात होते आणि मी हात थांबवला होता. डोळे पाण्यावर तसेच राहिले, आमच्या पाइपापासून जरा पलीकडं. हे वर आले. तोंडावरचं पाणी पुसत, तिच्याकडं पाठ करून म्हणाले, "थांबलीस का? वाजव की."

मला ओरडता येईना. ओरडले तर हे वळतील, घाबरून पाणी हलवतील, असं वाटलं. मी एवढंच म्हटलं, "आवं, वर या. हळू या."

ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काही विचारलं नाही. बत्तीस वर्षांच्या भांडणांतून एवढी एक गोष्ट आम्ही कमावली आहे. चिखलात पाय रोवत हे वर आले, आणि कोरड्यावर आल्यावर मी ह्यांचा दंड असा धरला की नखं रुतली. हे उभे होते तिथलं पाणी मग फुगलं. तिची पाठ वर आली, केंदाळाच्या पेंढ्याला तिनं थोबाड लावलं, आणि ती तिथंच थांबली. आमच्याकडं बघत. घाई नव्हती तिला.

संध्याकाळी दीर आला तेव्हा मी भांडले नाही, घडलं ते सगळं सांगितलं. त्यानंच तोंडावर हात घेतला आणि म्हणाला, "वैनी, उद्यापासनं पिशवी बंद."

"आणि मग?" हे म्हणाले. "पिशवी बंद केली तर ती उपाशी डब्याकडं येणार. चालू ठेवली तर भरल्या पोटी येणार. यायची ती येणारच."

नाव बंद झाली, पिशवीही बंद झाली. बुधवारी दोघं भाऊ दुचाकीवरून आमच्या काठच्या गावांतून फिरले, की डबा वाजवू नका. लोकांनी चहा पाजला आणि हसून घालवलं. एक म्हातारा म्हणाला, "मग काय गुमान उतरायचं पाण्यात? आमचा बा वाजवत हुता, आमी वाजवणार." त्याचंही बरोबर होतं. डबा नाही तर काय, हे सांगायला आमच्याकडं काही नव्हतं. पलीकडच्या काठावर जायचं म्हणजे पुलाला लांब वळसा. तिकडं उद्या जाऊ, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातलं शेण काढत होते आणि नदीवरून आवाज आला. आपला नव्हे, पलीकडचा. पत्र्याचा, कोरडा, एका लयीत. मी तशीच शेणाच्या हातानं काठावर पळत गेले. समोरच्या काठावर एक बाई डबा वाजवत होती आणि तिचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्या पाइपाशी वाकला होता. फुटबॉल चोंदला असणार. केंदाळ काही एकाच काठाला येत नाही.

म्हातारी बेटावरून उतरली होती. तिचं तोंड पलीकडं होतं.

मी ओरडले. "वाजवू नका. वर काढा त्याला." नदीचं पात्र केवढं, आणि त्या बाईच्या कानाशी डबा. तिनं मला बघितलं. मी हात हलवतेय हे तिला दिसलं. मला काय म्हणायचंय ते तिला तिच्या परीनं कळलंही, सुसर निघालीय एवढं. तिनं मान हलवली आणि आणखी जोरात वाजवायला लागली. मी तिला दोष देत नाही. दोन दिवसांपूर्वी मी तीच बाई होते.

आमचा डबा मोटरघराच्या खुंटीला होता. हे घराकडून हाका मारत येत होते, "अगं, काय झालं?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी डबा काढला आणि पाण्याच्या अगदी कडेला, नावेच्या फळीवर जाऊन उभी राहिले, जिथून म्हातारीला रोज घासाची हाक जायची तिथं. आणि वाजवला.

म्हातारी मधोमध थांबली. दोन्हीकडून डबे वाजत होते. पलीकडची बाई तिच्या माणसासाठी वाजवत होती, जा म्हणत. म्हातारीची मान फिरेना. मी दोन्ही हातांनी धरून बडवलं. फळी हादरत होती, पाणी माझ्या पायांना लागत होतं.

मग हळूच ते डोळे वळले.

या नदीवर आल्यापासून मी एकच शब्द मनात धरून डबा वाजवला होता, जा. त्या सकाळी, पलीकडचा तो अनोळखी माणूस आपल्या पाइपाशी वाकलेला असताना, माझ्या तोंडून पहिल्यांदाच दुसरा शब्द निघत होता. ये, बाई. इकडं ये. आणि ती येत होती.